देणं फेडलं, पण बेबाकी घेतली का? कर्जाची तडजोड आणि त्यानंतरची खबरदारी

ताडकळस (ता. पूर्णा, जि. परभणी) : सोयाबीनचा पैसा हातात आला की आपल्या भागात पहिलं काम असतं देणं फेडण्याचं. कुणावर सोसायटीचं कर्ज असतं, कुणावर बँकेचं, कुणावर महिला गटाच्या फायनान्सचं. कुणाचं कृषी सेवा केंद्राचं उधार असतं, कुणाची अडत्याकडची उचल, तर कुणाचं सावकाराचं. पूर्ण रक्कम जमत नाही. मग चार माणसं बसतात, "एवढे द्या आणि विषय संपवा" असं ठरतं. नोटा मोजल्या जातात, चहा होतो, माणूस मोकळ्या मनाने घरी येतो.

कागद मात्र समोरच्याकडेच राहतो. कोरा चेक, सही केलेला बॉण्ड, दागिन्यांची चिठ्ठी, सातबाऱ्यावरचा बोजा, यातलं एखादं तरी राहून जातंच. दोन-अडीच वर्षांनी तोच कागद वकिलाच्या नोटिशीसोबत दारात येतो. तेव्हा पैसे देणारा माणूस हयात असेलच असं नाही. मग त्याच्या बायकोने, मुलांनी काय दाखवायचं?

म्हणून या लेखात आम्ही एकच गोष्ट नीट मांडत आहोत : पैसे देणं हे अर्धं काम आहे. देणं फिटल्याचा पुरावा हातात आला, तारण परत आलं आणि सरकारी नोंदीतून आपलं नाव मोकळं झालं, की मगच कर्ज फिटलं असं समजायचं.

लिहून ठेवण्याची लाज नको

आपल्याकडे ओळखीच्या माणसाकडे पावती मागितली तर त्याला वाईट वाटेल असं अनेकांना वाटतं. पण कुरआनमधली सर्वांत मोठी आयत, सूरह अल-बकरातली २८२ वी, ही उधारीच्या व्यवहाराबद्दलच आहे. रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, असा तिचा आदेश आहे. तिच्या आधीच्या २८० व्या आयतीत अडचणीत असलेल्या कर्जदाराला सवड देण्याची आणि माफ केलं तर ते अधिक चांगलं, अशी शिकवण आहे. म्हणजे सवलत मागणं, सवलत देणं आणि कागद करणं या तिन्ही गोष्टी दीनला धरूनच आहेत.

सहीह बुखारीत एक प्रसंग आहे. मस्जिदे नबवीत काब इब्ने मालिक (रजि.) यांनी इब्ने अबी हदरद (रजि.) यांच्याकडे थकलेलं कर्ज मागितलं आणि दोघांचे आवाज चढले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी काब यांना इशाऱ्याने निम्मं सोडून द्यायला सुचवलं. त्यांनी ते मान्य केलं. मग दुसऱ्याला सांगण्यात आलं, आता उठा आणि बाकीचं फेडा. तडजोडीचा सगळा नियम या प्रसंगात आहे : एकाने सोडायचं आणि दुसऱ्याने उरलेलं लगेच द्यायचं. ऐपत असताना देणं लांबवणं हा जुलूम मानला आहे, हेही विसरता येत नाही.

महाराष्ट्राचा इतिहासही हेच सांगतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला आणि पुणे-अहमदनगर भागात पसरला. लोकांनी सावकारांच्या घरांतून प्रामुख्याने रोखे आणि गहाणखतं बाहेर काढून जाळली, कारण खरा गळफास त्या कागदांचा होता. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा आला, त्यात शेतकऱ्याला लेखी पावती आणि हिशोबाचा उतारा मिळण्याचा हक्क दिला गेला. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तो कायदा इथे नव्हता. आज मात्र पावतीचा हक्क इथेही आहे. तो वापरला जात नाही, एवढंच.

बोलणीला बसण्याआधी : देणं नक्की किती?

तडजोडीत निम्मी हार इथेच होते. समोरचा आकडा सांगतो आणि आपण त्यातून किती कमी करायचं यावर घासाघीस करतो. आधी तो आकडाच बरोबर आहे का, ते पाहा.

१) सावकाराकडे परवाना आहे का? महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणं गुन्हा आहे. त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. परवाना नसलेल्या सावकाराला कोर्टातून वसुलीचा हुकूमनामाही मिळत नाही. परवान्याची चौकशी तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते. परवान्याचा फरक किती पडतो ते २०१५ मध्ये दिसलं. राज्य सरकारने विदर्भ आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचं सावकारी कर्ज माफ केलं, पण फक्त परवानाधारक सावकाराकडचं. बाकीच्यांच्या हाती काही आलं नाही.

मित्राने किंवा नातेवाइकाने एकदा हातउसने दिले तर ती सावकारी होत नाही. व्याजाने पैसे लावण्याचा धंदा असेल तरच हा कायदा लागू होतो.

२) व्याज किती लावलं? परवानाधारक सावकारासाठी सरकारने ठरवलेले वार्षिक दर असे आहेत : शेतकऱ्याला तारण कर्जावर ९ टक्के, विनातारण १२ टक्के. शेतकरी नसलेल्यांना तारणावर १५ टक्के, विनातारण १८ टक्के. व्याज सरळ लावायचं, चक्रवाढ लावता येत नाही. शिवाय मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. गावात "शेकडा तीन" म्हणतात ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. १ लाखावर २ वर्षांत शेकडा तीनने ७२ हजार व्याज होतं, १२ टक्क्यांनी २४ हजार. बोलणीला बसण्याआधी हा हिशोब एका कागदावर करून न्या.

३) आतापर्यंत किती दिलं? फोनपेचे व्यवहार, बँक पासबुक, वहीतल्या नोंदी, कुणासमोर दिले त्यांची नावं, सगळं तारखेप्रमाणे लिहून काढा. मुद्दल म्हणून दिलेली रक्कम समोरचा पुष्कळदा व्याजात धरतो.

४) मुदत संपली आहे का? साध्या उसनवारीची दिवाणी दाव्याने वसुली करायला मुदत कायद्याप्रमाणे ३ वर्षं मिळतात. त्या ३ वर्षांच्या आत तुम्ही देणं मान्य असल्याची लेखी सही दिली, किंवा थोडी रक्कम भरून तशी लेखी नोंद झाली, तर तिथून नवी ३ वर्षं सुरू होतात. मुदत संपल्यावरही "मी हे देणं फेडेन" असं लिहून सही केली तर तो नवा करार ठरतो. म्हणून "नुसता हिशोब मान्य म्हणून सही करा" असं कुणी म्हटलं तर कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मुदत संपली की कोर्टातली वसुली थांबते, पण हुकूकुल इबाद, म्हणजे माणसाचं माणसाकडे असलेलं देणं, अल्लाहच्या दरबारी संपत नाही. या माहितीचा उपयोग बोलणीत आपली बाजू सांभाळण्यासाठी करा, कुणाचं खरं मुद्दल बुडवण्यासाठी नको.

५) पैसे मागणारा खरा धनको आहे का? बँका आणि फायनान्स कंपन्या थकलेली कर्जं दुसऱ्या कंपन्यांना विकतात. फोनवरचा माणूस "सेटलमेंट करून देतो" म्हणाला तर आधी मूळ शाखेत जाऊन खात्री करा. कुणाच्या खासगी नंबरवर एक रुपयाही पाठवू नका. तडजोडीचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर, कर्ज खाते क्रमांकासह, आणि पैसे त्याच खात्यात. असल्या फोनवरून फसवणूक करणारे खूप आहेत.

तडजोडीत काय लिहायचं?

तोंडी ठरलेली तडजोडही कायद्याने वैध असू शकते. भारतीय करार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे धनको कमी रक्कम घेऊन बाकीची सोडू शकतो. पण त्याने सोडली हे सिद्ध कोण करणार? म्हणून कागद करायचा, आणि तो पैसे देण्याआधी करायचा. मुद्रांक कागदावर करून नोटरी केला तर उत्तम. साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सहीने केला तरी काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरा.

मजकूर साधारण असा ठेवता येईल :

"मी (धनकोचं पूर्ण नाव, वय, राहणार) लिहून देतो की (कर्जदाराचं नाव) यांना मी दि. ___ रोजी रु. ___ दिले होते. आजपर्यंतच्या हिशोबाने रु. ___ येणं होतं. आम्ही दोघांनी राजीखुशीने रु. ___ एवढी रक्कम पूर्ण आणि अंतिम म्हणून ठरवली आहे. ती मला दि. ___ रोजी बँकेमार्फत, व्यवहार क्रमांक ___ ने मिळाली. आता माझं किंवा माझ्या वारसांचं त्यांच्याकडे, त्यांच्या वारसांकडे किंवा जामीनदाराकडे मुद्दल, व्याज वा खर्च यांपैकी काहीही येणं राहिलेलं नाही. त्यांचे चेक क्रमांक ___, बॉण्ड दि. ___, दागिने (वर्णन व वजन) मी आज परत केले आहेत. या व्यवहाराचा आणखी कोणताही कागद पुढे सापडला तर तो रद्द समजावा."

या मजकुरात तीन शब्द महत्त्वाचे आहेत : "पूर्ण", "अंतिम" आणि "वारस". नुसतं "रु. ६० हजार मिळाले" एवढंच लिहिलं तर ती हप्त्याची पावती ठरते. बाकीची रक्कम उद्या मागायला समोरचा मोकळा राहतो.

हप्त्याने देणार असाल तर प्रत्येक हप्त्याची तारीख लिहा आणि एखादा हप्ता चुकला तर काय होईल तेही लिहून घ्या. पुष्कळ पत्रांत "एक हप्ता चुकल्यास तडजोड रद्द, संपूर्ण मूळ रक्कम देय" अशी अट असते. निदान १५-३० दिवसांची सवड मागून घ्या. झेपेल तेवढीच रक्कम कबूल करा. दुसऱ्या सावकाराकडून काढून पहिल्याची तडजोड केली तर देणं नुसतं एका दारातून दुसऱ्या दारात जातं.

पैसे कसे द्यायचे?

शक्यतो बँकेमार्फत : एनईएफटी, डीडी, खात्यावर जमा होणारा चेक किंवा यूपीआय. आयकर कायद्याप्रमाणे २० हजार रुपये किंवा त्याहून जास्त कर्जाची परतफेड रोखीने करता येत नाही, त्यावर दंड होऊ शकतो. यूपीआयने पाठवताना शेऱ्यात "कर्ज पूर्ण व अंतिम" असं लिहा.

छोटी रक्कम रोखच द्यावी लागली तर दोन साक्षीदारांसमोर द्या आणि जागेवरच पावती घ्या. ५ हजारांपेक्षा जास्त रकमेच्या पावतीवर १ रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घ्यायची असते. साक्षीदार दोन्हीकडचे असावेत. जमातीतले जाणते, निवृत्त शिक्षक, गावातला कुणीही विश्वासू माणूस चालेल. नंतर गरज पडली तर कोर्टात येऊन सांगेल असा हवा.

त्याच बैठकीत परत काय घ्यायचं?

सावकारी कायद्यात स्पष्ट आहे : कर्ज पूर्ण फिटलं की सावकाराने कर्जदाराची सही असलेल्या प्रत्येक कागदावर ते फिटल्याचा किंवा रद्द झाल्याचा न पुसणारा शेरा मारायचा, गहाण सोडायचं आणि तारण परत करायचं. कोऱ्या कागदावर सही घेणं मुळातच बेकायदा आहे.

म्हणून पैसे आणि कागद एकाच बैठकीत. "कागद घरी आहे, उद्या पाठवतो" असं उत्तर आलं तर पैसेही उद्याच.

परत घ्यायच्या गोष्टी :

• सगळे चेक, कोरे आणि भरलेले. क्रमांक चेकबुकाच्या अर्धुकाशी ताडून घ्या.
• प्रॉमिसरी नोट, बॉण्ड, सही केलेले कोरे कागद.
• सोनं-चांदी. वजन करूनच घ्या, मूळ चिठ्ठीवर "तारण परत" असं लिहून घ्या.
• गाडीचं आरसी, घराचे किंवा शेताचे मूळ कागद, एटीएम कार्ड, पासबुक.

चेक हरवला असं समोरचा म्हणाला तर त्याचा क्रमांक तडजोडीच्या कागदावर "हरवला, रद्द" असा लिहून घ्या आणि त्याच दिवशी आपल्या बँकेला तो चेक थांबवण्याचा अर्ज द्या. अर्जाच्या प्रतीवर बँकेचा शिक्का घ्या.

चेक मागे राहिला म्हणून हार मानू नका. दशरथभाई त्रिकमभाई पटेल विरुद्ध हितेश महेंद्रभाई पटेल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०२२ रोजी महत्त्वाचा निकाल दिला. चेक दिल्यानंतर आणि तो वटवण्याआधी कर्जाचा काही भाग फेडला असेल, आणि ती रक्कम चेकवर नोंदवून वजा केली नसेल, तर पूर्ण रकमेचा चेक त्या दिवशीचं खरं देणं दाखवत नाही. मग तो न वटल्याबद्दल कलम १३८ चा गुन्हा होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. त्या प्रकरणात चेक २० लाखांचा होता आणि मधल्या काळात ४ लाखांहून जास्त रक्कम फेडलेली होती. ती फेड नोंदीवर होती म्हणून कर्जदार वाचला. पुरावा असेल तरच हा निकाल तुमच्या कामाचा.

चेक न वटल्याची नोटीस आली तर गप्प बसू नका. १५ दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर द्या, सोबत तडजोडीच्या कागदाची प्रत जोडा.

कोर्टात प्रकरण असेल तर

सर्वांत जास्त माणसं इथे फसतात. दावा चालू असेल आणि बाहेर बसून तडजोड केली तर ती कोर्टात दाखल करून दावा निकाली काढून घ्या. नाहीतर तारखेला तुम्ही जाणार नाही आणि तुमच्या गैरहजेरीत निकाल होईल.

हुकूमनामा आधीच झाला असेल तर आणखी काळजी घ्यावी लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम २ प्रमाणे कोर्टाबाहेर दिलेल्या पैशांची कोर्टात नोंद व्हावी लागते. नोंद नसेल तर दरखास्त चालवणारं कोर्ट ती फेड विचारात घेत नाही. म्हणजे पैसे देऊनही जप्ती येऊ शकते. धनकोने नोंद केली नाही तर कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो, पण पैसे दिल्यापासून ३० दिवसांच्या आत. हुकूमनाम्याची दरखास्त १२ वर्षांपर्यंत करता येते, हे लक्षात घेतलं तर ही नोंद किती मोलाची ते कळेल.

तडजोड पक्की करण्याची सोपी जागा म्हणजे लोकअदालत. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील होत नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. प्रकरण कोर्टात गेलेलं नसलं तरी दाखलपूर्व म्हणून ठेवता येतं. चेकच्या केसेसही तिथे मिटतात. पण निवाड्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी रक्कम, हप्ते आणि तारखा दोनदा वाचा. मराठी वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा.

सातबारा, बोजा आणि "नावाला" केलेलं खरेदीखत

बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज फिटलं तरी सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा आपोआप उतरतोच असं नाही. बेबाकी प्रमाणपत्र घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (तलाठ्याकडे) अर्ज द्या. ई-हक्क प्रणालीवरूनही बोजा कमी करण्याचा अर्ज करता येतो. फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढून स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. गहाणखत नोंदणीकृत असेल तर ते सोडवल्याचा दस्तही दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावा लागतो.

आता सगळ्यात नाजूक बाब. सावकार कर्ज देताना तारण म्हणून शेताचं सरळ खरेदीखत करून घेतो. "नावालाच आहे, पैसे दिले की परत करतो" असं सांगतो. जमीन परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल तर ते गहाण होतं असं दिवाणी कोर्टात सिद्ध करणं अवघड जातं. वेगळ्या बॉण्डवर लिहिलेली अट तिथे तोकडी पडते. म्हणून अशा कर्जाची तडजोड झाली तर पैसे द्यायची जागा दुय्यम निबंधक कार्यालय हीच. जमीन नोंदणीकृत दस्ताने परत आपल्या नावावर होईल त्याच दिवशी रक्कम द्या, आणि मग फेरफार करून घ्या.

सावकार जमीन परत द्यायला तयार नसेल तर सावकारी कायद्याचं कलम १८ आहे. सावकारीच्या व्यवहारात गेलेल्या स्थावर मालमत्तेबद्दल कर्जदार किंवा त्याचे वारस जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करू शकतात. व्यवहार अर्जाच्या आधीच्या १५ वर्षांतला हवा. चौकशीत तो व्यवहार सावकारीचाच होता असं ठरलं तर खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश होऊ शकतो. अशा अर्जात व्याज दिल्याच्या नोंदी, साक्षीदार आणि जमीन आजही आपणच कसतो याचे पुरावे उपयोगी पडतात.

बँक आणि फायनान्सची तडजोड

सरकारी योजनेतली तडजोड असेल तर तारीख आणि अट दोन्ही पाहा. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखांपेक्षा जास्त थकबाकी असलेल्यांना वरची रक्कम आधी स्वतः भरायची होती, त्यानंतर दीड लाखांचा लाभ मिळणार होता. योजना जाहीर झाली म्हणजे कर्ज गेलं असं नसतं. बेबाकी हातात येईपर्यंत खातं चालूच असतं.

बँकेशी तडजोड केल्यावर पुढचं लक्षात ठेवा :

• सिबिलसारख्या पत माहिती कंपन्यांकडे तुमच्या नावापुढे "क्लोज्ड" ऐवजी "सेटल्ड" असा शेरा येतो. पुढे घर, गाडी किंवा मुलांच्या शिक्षणाचं कर्ज मागताना बँक त्यावर बोट ठेवते. थोड्या फरकासाठी तडजोड करत असाल तर पूर्ण भरून "क्लोज्ड" करून घेणं परवडतं का, ते आधी पाहा.
• देशात अशा चार कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. पैसे भरून दोन महिने झाले की अहवाल काढून पाहा.
• नोंद चुकीची असेल तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.
• रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या नियमाप्रमाणे, शेती कर्ज सोडून इतर कर्जांत तडजोड केलेल्या कर्जदाराला तीच बँक निदान १२ महिने नवं कर्ज देत नाही.
• घराचे किंवा इतर मालमत्तेचे मूळ कागद : १ डिसेंबर २०२३ पासून व्यक्तिगत कर्ज पूर्ण फिटल्यावर किंवा तडजोडीने मिटल्यावर ३० दिवसांत ते परत द्यायचे आहेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई.
• वसुली एजंटांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. महिला गटांच्या मायक्रोफायनान्स कर्जासाठी ही वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ आहे. शिवीगाळ, नातेवाइकांना फोन, गावात बदनामी, हे सगळं नियमाबाहेर आहे.

जामीनदार आणि वारस

जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. तुमची तडजोड झाली आणि कागदावर त्याचं नाव नाही, तर नोटीस त्याच्या दारात जाऊ शकते. ज्याने तुमच्या शब्दाखातर सही केली, त्याला मोकळं करणं ही तुमची जबाबदारी आहे. त्याला बेबाकीची एक प्रत द्या.

मय्यतीच्या मालातून आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत आणि शेवटी वारसांचे हिस्से, हा क्रम आपल्याला माहीत आहे. कायद्यानेही वारसाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. मरहूमने काहीच मागे ठेवलं नसेल तर मुलाच्या स्वतःच्या कमाईतून वसुली करता येत नाही. मुलाने मनाने बापाचं देणं फेडलं तर ते सवाबचं काम आहे, पण त्यासाठी कुणी धमकावू शकत नाही. अनोळखी माणूस मरहूमच्या सहीचा कागद घेऊन आला तर घरच्यांनी लगेच कबुली देऊ नये. प्रत मागावी, हिशोब मागावा, मग बोलावं.

हे तेव्हाच शक्य होईल जेव्हा घरात माहिती असेल. कुणाचं किती देणं आहे, कुणाचं फिटलं, पावत्या कुठे आहेत, हे बायकोला आणि एका मोठ्या मुलाला किंवा मुलीला सांगून ठेवा.

त्रास झाला तर कुठे जायचं?

• बेकायदा सावकारी : पूर्णा येथे सहायक निबंधक, परभणी येथे जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था. अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्या.
• धमकी, मारहाण, घरात घुसणं : ताडकळस पोलीस ठाणे. तातडीच्या वेळी ११२.
• बँक, फायनान्स : आधी शाखेत लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. माहितीसाठी क्रमांक १४४४८. तक्रारीला फी नाही.
• मोफत वकील : तालुका विधी सेवा समिती किंवा परभणीचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन १५१००. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

शेवटी, घरात लावून ठेवायची यादी

१. हिशोब स्वतः केला.
२. "पूर्ण आणि अंतिम" असा कागद पैसे देण्याआधी ठरला.
३. पैसे बँकेमार्फत दिले.
४. चेक, बॉण्ड, तारण त्याच दिवशी परत घेतलं.
५. कोर्टात नोंद झाली.
६. सातबारा मोकळा झाला.
७. पत अहवाल तपासला.
८. जामीनदाराला प्रत दिली.
९. सगळ्या कागदांच्या दोन प्रती आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवले.
१०. घरच्यांना सांगितलं.

हे कागद किती दिवस ठेवायचे असं विचाराल, तर निदान १२ वर्षं, आणि जमिनीचे कायमचे. एक प्लास्टिकची फाइल पुरते. ज्यांचं येणं आहे त्यांनाही आमची विनंती आहे : पैसे मिळाले की मागण्याआधी बेबाकी लिहून द्या. समोरच्याची रात्रीची झोप त्या एका कागदावर असते.